शिक्क्यावाचून अडलेली निळी फाईल

"मावशी, सोडा म्हणतो ना! फाटून जाईन."

"फाटू द्या. तुमच्या कपाटात सडण्यापरीस फाटलेली बरी."

एक कोपरा शामरावांच्या मुठीत, दुसरा अंजनाबाईंच्या. मधे ताणलेली, शिवण उसवत चाललेली ती मी. निळ्या पुठ्ठ्याची फाईल. मला बिचारी म्हणू नका, मला ते खपत नाही. माझ्या पोटात एका पोरीचं अर्धं वर्ष आहे आणि आज चार वाजता मुदत संपली की ते बुडणार आहे. घड्याळात सवातीन झालेत.

मी जन्मले छत्तीसगडातल्या दुर्गजवळच्या एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात. कक्ष म्हणजे एक खोली, जगाचा एक नकाशा आणि धर्मेंद्र सर. पोलंडमधल्या एका विद्यापीठाशी करार झालेला. दरवर्षी इथलं एक लेकरू तिकडे अर्धं वर्ष शिकणार, तिथले गुण इथं धरले जाणार. सहीच्या दिवशी शाली झाल्या, पेढे झाले, फोटो झाले.

यंदा निवड झाली सेक्टर दहाच्या हर्षाची. बाप पोलादाच्या प्लांटमध्ये, भट्टीवर. शिफ्ट सुटल्यासुटल्या तो तिच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन आला. माझ्या पहिल्या पानावर त्याच्या अंगठ्याचा काळा डाग आहे. मी तो दागिन्यासारखा मिरवते.

पण या कामात पोरीनं स्वतः अर्ज करून भागत नाही. 'ही आमची विद्यार्थिनी, हिला आम्ही पाठवतोय,' असा मेल विद्यापीठानंच करायचा असतो. तेवढ्यासाठी मी विभागप्रमुखांकडे गेले, सही घेतली. मग परीक्षा विभागात, शामरावांच्या टेबलावर. तिथले विषय इथल्या विषयांशी जुळतात, एवढंच त्यांनी लिहायचं होतं.

शामरावांनी तिकडचा अभ्यासक्रम उलटसुलट पाहिला. "याच्यावर गोल शिक्का कुठं हाये?"

पोलंडहून उत्तर आलं की आम्ही अभ्यासक्रमावर शिक्का मारत नाही. शामरावांनी ते उत्तर छापून मला टाचलं आणि विचारलं, "अन् या उत्तरावर शिक्का कुठं हाये?"

हसू नका. त्या एका गोल शिक्क्यापायी मी तेवीस दिवस कपाटात होते. माझ्याखाली मागल्या वर्षीच्या पीयूषची फाईल. तीही शिक्क्याचीच वाट पाहत होती. तिची नाडी उंदरांनी खाल्लेली. मला तिच्याकडे बघवत नसे.

धर्मेंद्र सर रोज दारातून डोकवायचे. "शामराव जी, आपके साइन के बिना मैं मेल नहीं भेज सकता." आणि निघून जायचे. माणसं भली असतात, पण आपापल्या टेबलाच्या कडेपर्यंतच.

अंजनाबाई एकोणीस वर्षं फाईली या टेबलावरून त्या टेबलावर नेतात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पुठ्ठ्यांवरची नावं लावतालावता वाचायला शिकल्या, आणि ते इथं कोणालाच ठाऊक नाही. शामराव अजून त्यांना रंग सांगतात. "मावशी, ते निळी आणा."

आज निळी आणली. आणताना त्यांनी मला उघडलं आणि ओठ हलवत शामरावांचा शेरा वाचला. 'विदेशी संस्था से उत्तर अप्राप्त.' बिनशिक्क्याचं उत्तर शामरावांच्या लेखी आलंच नव्हतं. उत्तर तर त्याच पानामागं टाचणीला लटकत होतं! शामराव मला परत कपाटात टाकायला निघाले, तशी अंजनाबाईंनी माझा कोपरा धरला.

"तुमाले यातलं काय समजते, मावशी? नियम हाये."

"कोणता? दाखवा मले."

"उद्या वरून इचारलं तं माझी नोकरी जाईन!"

ही भीती खोटी नव्हती. दारात हर्षा उभी. रडून डोळे सुजलेले. साडेतीन.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवटचा शब्द माझा नाही. शामरावांची मूठ सुटली, त्यांनी सही केली. चारला पाच कमी असताना मेल गेला. हर्षाला बोलावणं येईल का, मला ठाऊक नाही. मी उसवलेली, टेबलावर पडून आहे. तुम्ही कुठल्याही कचेरीत बसत असाल तर हात जोडते, कपाटाच्या तळाशी कोण दबलंय ते एकदा बघा. पीयूषची फाईल अजून तिथंच आहे.

ती मूठ सुटली ती अशी: अंजनाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी त्या शेऱ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या,

"हर्षा आपली पोरगी हाये का नाही, एवढंच त्या लोकाईनं पुसलं, नसंल तं 'नाही' लिहा शामराव, पण 'उत्तर अप्राप्त' लिहू नका, मले वाचता येते."