रुमाल टाकलेलं खोकं

सकाळी सहाला दार उघडलं आणि लोकांनी माणुसकी बाहेर बर्फातच ठेवली. यामिनीच्या पुढच्या बाईच्या पाठीत कुणीतरी ट्रॉली घातली. बाई गुडघ्यांवर आपटली आणि मागचे तिची बोटं तुडवत आत घुसले. कॅनडात टोरांटोजवळच्या स्कारबरोतला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशीचा बॉक्सिंग डे सेल. कालपर्यंत हीच मंडळी एकमेकांसाठी दारं धरून ‘मेरी ख्रिसमस’ म्हणत होती!

यामिनीही घुसली. अठ्ठावन्न वर्षांची डॉक्टर, कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरच्या मेडिकल कॉलेजात नवरा गुरुदत्तबरोबर शिकवणारी बाई. पण आज तिनेही कोपरं बाहेर काढली होती. तिला हवा होता फक्त एक जनरेटर. गुरुदत्तचा श्वास झोपेत थांबायचा. रात्री तोंडावर मशीनचा मास्क लावला तरच तो सुरळीत चाले. आणि वादळ झाल्यापासून बेटावरची वीज रात्ररात्र जात होती. मग तो खुर्चीत बसून झोपे आणि यामिनी शेजारी जागी राहून त्याला हलवत राही. ती इथे भाच्याकडे आल्यापासून तिकडे हलवायलाही कुणी नव्हतं.

बेटावर जनरेटर औषधालाही उरला नव्हता. इथेही गेल्या आठवड्यात बर्फाने विजेच्या तारा तुटल्या आणि दुकानं रिकामी झाली. या एका दुकानात सहा आले होते. बेटावर सामान नेणारा कंटेनर दुपारी दोनला बंद होणार होता. पुढचा थेट फेब्रुवारीत.

“आत्या, स्लो डाऊन! लोकांना लागतंय!” मागून अनुप ओरडला. वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये असलेला तिचा भाचा. दोन मुलांचा बाप, पण कुणी पायावर पाय दिला तरी आपणच ‘सॉरी’ म्हणणारा.

“तू ट्रॉली आण!” ती खेकसली.

ती पोचली तेव्हा दोनच खोकी उरली होती. एकावरून दोघांची जुंपली होती. एकाच्या जॅकेटची बाही फाटून लोंबत होती, दुसऱ्याच्या ओठातून रक्त येत होतं. यामिनीने शेवटच्या खोक्याला मिठी मारली. जमलं!

तेवढ्यात तिच्यासमोर एक म्हातारा कोसळला. गर्दीने त्याला रॅकवर दाबलं होतं. चेहरा निळा पडत होता आणि लोक त्याला ओलांडून जात होते. यामिनीने गळ्यातला रेशमी रुमाल काढला, खोक्यावर नीट पसरला आणि त्याच्याकडे धावली. नागपूरच्या कॉलेजात असताना एसटीत असा रुमाल टाकला, की ती जागा आपली. कुणी बसलाच, तर अख्खी गाडी त्याच्याशी भांडायला उठे.

नाडी लागत नव्हती. तिने छाती दाबायला सुरुवात केली. दुसऱ्याच मिनिटाला हाताखाली बरगडी कटकन मोडली. ती थांबली नाही. कुणाचा तरी बूट तिच्या पोटरीवर बसला. सिक्युरिटीवाला हृदयाला शॉक द्यायचं मशीन घेऊन आला, शॉक दिला, आणि म्हाताऱ्याने श्वास घेतला.

तिने मान वळवली. एक उंच माणूस तिचं खोकं ट्रॉलीवर चढवत होता. रुमाल जमिनीवर पडला होता.

“दॅट्स माइन! मी रुमाल टाकला होता!”

“लेडी, दॅट्स जस्ट अ रॅग,” तो म्हणाला आणि ट्रॉली ढकलली.

पर्समधली स्टीलची बाटली तिच्या हातात कधी आली, कळलंच नाही. पहिला फटका नाकावर बसला. त्याने तिला ढकललं. ती त्याच्या मनगटाला चावली. दुसरा फटका कपाळावर. तो खाली बसला, डोळ्यांत रक्त गेल्याने चाचपडू लागला, हात वर करून “ओके, ओके” म्हणाला. त्याने खोकं सोडलं होतं. तरी तिने तिसरा मारला.

“आत्या! स्टॉप! प्लीज!” अनुप रडत होता.

मॅनेजरने दोघांनाही खोकं नाकारलं. पोलीस येईपर्यंत लांब पोनीटेलवाल्या एका मुलीने पैसे भरून ते नेलंसुद्धा.

पोलिसांच्या गाडीत बसवण्याआधी गुरुदत्तचा फोन आला. कॉन्स्टेबलने एक मिनिट दिलं.

“मिळाला का ग?” त्याचा आवाज जड होता. रात्री पुन्हा वीज गेली असणार.

“नाही मिळाला. एक म्हातारा कोसळला. सीपीआर दिला.”

“वाचला?”

“वाचला.”

“शाब्बास!” गुरुदत्त मनापासून म्हणाला. “मग जनरेटर गेला तर गेला. मी झोपेन खुर्चीत. तुझ्या हातांनी आज एक माणूस जगला, यामिनी. मला तुझा अभिमान वाटतो.”

तिने हातांकडे पाहिलं. नखांत रक्त होतं, त्या दुसऱ्या माणसाचं. त्याच्याबद्दल ती काही बोलली नाही. मारल्याची तिला लाज वाटत नव्हती. खोकं सोडून त्या म्हाताऱ्याकडे आपण धावलोच का, एवढाच राग तिच्या मनात होता. पुन्हा वेळ आली तर आपण त्याला ओलांडून जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

“हो,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.