सुदर्शनच्या गाड्या

“मिउरा गाडी आलीय म्हणून फोन केला होता. सुदर्शन स्वतः का नाही आला?” दुकानदारानं विचारलं.

चांगदेवनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बोरी बुद्रुकहून पुण्याला येताना काय बोलायचं ते त्यानं एसटीत घोकलं होतं. पोरगं गेलं, खेड घाटात, मोटरसायकलवर. कारखान्यातून घरी येत व्हतं. त्यानं मागवलेली ती खेळण्यातली गाडी आता नको.

“त्याला सुट्टी न्हाई मिळाली,” तो म्हणाला.

दुकानदारानं खोका उघडला. वीतभर लांबीची नारिंगी गाडी. दारं उघडत होती, चाकं वळत होती. “इटलीच्या गाड्यांचं इतकं वेड मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, काका. कसा आहे तो?”

सुदर्शन गेल्यापासून हा प्रश्न चांगदेवला कुणीच विचारला नव्हता. गावात सुदर्शनचं नाव निघालं की माणसं गप्प होत.

“बरा हाय,” तो म्हणाला. आणि दुकानदारानं पुढची कुठली मागवू विचारल्यावर म्हणाला, “त्याला आवडंल ती मागवा.”

घरी काचेच्या कपाटात फेरारी होत्या, लॅम्बोर्गिनी होत्या. सुदर्शन असताना चांगदेव त्यांच्याकडे बघून वैतागायचा. “घोडा झाला तरी खेळतोय,” म्हणायचा. आता दुकानातून फोन आला की तो धुतलेला सदरा घालून पुण्याला जायचा. दुकानदार विचारायचा आणि तो सांगायचा. अशी तीन वर्षं गेली. त्या दुकानापुरता सुदर्शन कारखान्यात पर्मनंट झाला, नाशिकला बदलून गेला, त्याचं लग्नही झालं.

ठकूबाई त्या कपाटाकडे बघतसुद्धा नसे. दिवाळीच्या साफसफाईत एकदा तिनं ते उघडलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. गाड्या वाढल्या होत्या. संध्याकाळी चांगदेवनं खाली मान घालून दुकानाचं सगळं सांगितलं. तिथं पोरगं अजून जिवंत आहे, एवढंच शेवटी म्हणाला.

“येड लागलंय तुमाला,” ती रडत म्हणाली. “आता फोन आला की मी येते. त्या माणसाला खरं काय ते सांगते आन् मिटवते एकदाचं.”

ती खरोखरच आली. दुकानाच्या पायऱ्या चढताना तिनं नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

“या, या काकू!” दुकानदार उठून उभाच राहिला. “सुदर्शनचा चेहरा अगदी तुमच्यावर गेलाय. कसा आहे? सूनबाईंना नाही आणलंत?”

ठकूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. चांगदेव फरशीकडे बघत होता. तिनं पदर सारखा केला.

“तिला दिवस गेल्यात,” ती म्हणाली. “एवढा परवास नको म्हणलं.”

दुकानदारानं आत चहा सांगितला.

परतीच्या एसटीनं मंचर मागं टाकलं. मग खिडकीबाहेर बघतच तिनं विचारलं,

“सून कुठली सांगितली तुमी?”

“लोणीची.”

“नाव?”

“वृषाली.”

ठकूबाईनं मान हलवली. “पयली खेप हाय. माहेरी धाडावी लागंल.”

नव्या गाडीचा खोका तिच्या मांडीवर होता. खड्डा आला, की ती त्याच्यावर हात ठेवत होती.