दातांच्या खुर्चीची तक्रार

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. रागावून बोलायची मला सवय नाही. बसणाऱ्याने तोंड उघडायचे आणि मी गप्प राहायचे, अशी आमची वाटणी. त्यामुळे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण आज सांगतेच.

एका कारखान्यात माझा लोखंडी सांगाडा तयार झाला, त्यावर हिरवे रेक्झिन चढले, पायाशी पेडल बसले. दवाखान्यात आले त्या दिवशी म्हातारे डॉक्टर स्वतः माझ्यावर टेकून म्हणाले, "वा! हिच्यावर डुलकीच लागेल." मी फुशारून गेले. वेडी होते.

मोठी माणसे येऊन बसत. मुलांना आणून बसवत. घरून निघताना सांगत, "नुसतं दाखवायचंय." दारात सांगत, "मुंगी चावल्यासारखं होईल." आणि मूल रडू लागले की डॉक्टर म्हणत, "धरा." मग बाप पायांवर, आई हातांवर. दोन मिनिटांत दात ताटलीत. "बघ, झालं की नाही!" झाले होते खरे. पण माझ्या रेक्झिनमध्ये इवल्या नखांचे खड्डे उरत. आणि पुढे मूल घरी जेवले नाही, तर धमकी कोणाची? माझी! "थांब, त्या खुर्चीतच नेऊन बसवते!" सांगा, मी कोणाचे काय वाकडे केले होते?

म्हातारे डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांना तसेच शिकवले होते. हे आठवून माझा राग कमी व्हायला हवा. होत नाही.

ते थकले आणि मी दोन वर्षे खोक्यांखाली पडून राहिले. मग नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मला पुसले, नवे रेक्झिन चढवले आणि शेजारी गॅसचे एक यंत्र आणून ठेवले. त्याला नाकावर बसेल एवढी छोटी टोपी होती.

एकदा चिंगी आली. वय सात. दाढेत पू, गाल सुजलेला, अंगात ताप. दाढ काढणे भाग होते. पण दुसरीकडे कुठेतरी तिला धरून दात काढला होता, त्यामुळे ती ओठ उघडेना.

डॉक्टरबाई वडिलांना म्हणाल्या, "घाबरलेल्या मुलांसाठी उपाय आहेत. गॅस दिला तर मूल जागं राहतं, फक्त हलकं वाटतं. त्याने नाही भागलं तर गुंगीचं औषध, पण त्याला पोट रिकामं हवं. आणि अगदीच नाही जमलं तर हॉस्पिटलात पूर्ण भूल."

चिंगी टोपी जवळही येऊ देईना. म्हणून गुंगीचे औषध ठरले. "सकाळपासून काही नाही. एक बिस्किटसुद्धा नाही," असे बाईंनी बजावले, कागदावर लिहूनही दिले.

ठरलेल्या दिवशी सकाळी चिंगी माझ्यावर बसली. छोट्या पेल्यात औषध तयार होते. गुंगी देण्यासाठी बोलावलेल्या भूलतज्ज्ञांनी विचारले, "काही खाल्लंय?"

"छे! पाणीसुद्धा नाही," वडील म्हणाले आणि त्यांनी सोबत आलेल्या चिंगीच्या आत्याकडे पाहिले.

चिंगी हळूच म्हणाली, "आत्याने दूध-बिस्किट दिलं. निघताना. सांगू नकोस म्हणाली."

"मग काय, लेकराला उपाशी पाठवायचं?" आत्या म्हणाली. "दोनच तर बिस्किटं!"

वडील चिंगीवर खेकसले, "तोंड बंद ठेवता येत नाही तुला?"

ऐकलेत ना, मित्रांनो? जे तोंड उघडावे म्हणून सगळे विनवण्या करत होते, ते खरे बोलायला उघडले, तर ही शाबासकी!

डॉक्टरबाईंनी पेला बाजूला ठेवला. "गुंगीत उलटी होऊन श्वासनळीत गेली, तर जिवावर बेततं. आज ही बोलली म्हणून निभावलं."

"मग धरूनच काढा. आम्ही धरतो," वडील म्हणाले.

"माझ्या खुर्चीत नाही," बाई म्हणाल्या.

मग त्या चिंगीजवळ बसल्या. "तू खरं बोललीस. मीही खरंच सांगते. गॅसला रिकामं पोट लागत नाही, तरी थोडं थांबू. मग बधिर करायला सुई टोचावी लागेल. दहा मोजेपर्यंत टोचेल. दाढ काढताना दाब जाणवेल. तू हात वर केलास की मी थांबेन."

चिंगीने टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "आधी आत्याला लावा."

आत्याने नाक मुरडले, पण टोपी लावून घेतली. तिच्याकडे बघून चिंगी खुदकन हसली.

पुढे तिच्या नाकावर टोपी बसली, हातपाय सैलावले. सुई झाली. बाईंनी चिमटा तोंडाशी नेला, तोच चिंगीचा हात वर गेला. बाई तिथेच थांबल्या.

"दुखलं?"

"नाही. थांबता का ते बघितलं."

आणि तिने आपणहून आ केला. दाढ निघाली. तिला कोणीही धरले नव्हते.

मित्रांनो, भीती वाटली तर सांगा. काय करणार ते विचारा. काही खाल्ले असेल, तर कोणीही दटावले तरी लपवू नका. आणि हे घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा, कारण माझे भांडण त्यांच्याशी आहे. शेवटी माझी निगा राखा, असे मी म्हणायला हवे. राहू द्या. मी लोखंडाची आहे, आणखी काही वर्षे निघतील. मोठ्यांनो, तुम्ही आधी मुलांशी खोटे बोलणे बंद करा.