वाटोळं झालेली रायफल

माझ्या बाबांना चांगली रायफल चालत नाही. वाटोळं झालेलीच लागते. जुनी, लढाईतून घरी आलेली, बोल्ट मागे-पुढे ओढून चालवायची रायफल, आणि तिचं लाकूड कुण्या शहाण्यानं करवतीनं कापलेलं, नाहीतर दाराला लावतात तो रंग फासलेला. धडधाकट रायफल असली तर बाबा तिला करवत लावत नाहीत. "इतकी वर्षं जशीच्या तशी जगली ती, तिला कापणारा मी कोण?" असं म्हणतात. शिवाय तसल्या रायफलीला जुन्या वस्तू जमवणारे लोक वाट्टेल ती किंमत देतात, आमची कुठली ऐपत! बिघडवलेली मात्र स्वस्तात मिळते. बाबा तिचं मधलं लोखंड आणि बोल्ट तेवढे ठेवतात, नळी काढून नवी बसवतात, अक्रोडाचा नवा दस्ता कोरतात. मग तीच रायफल हातात घेऊन भले भले गप्प होतात.

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात पोराला बारावं लागलं की बाप रायफल देतो. माझा भाऊ ड्वाइट बारा वर्षांचा झाला, त्याला बाबांनी स्वतः बनवून दिली. मी बारा वर्षांची झाले, मला शिवणयंत्र मिळालं. काय रडले होते मी! ते यंत्र अजून माळ्यावर पडलंय, एक टाका घातला नाही त्यावर.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. बाबांना हिवाळाभर सोबत म्हणून मी आले आणि राहिलेच. इथे शाळेची बस चालवते, बाबांचं पथ्य बघते. या वसंतात माझ्या मैत्रिणीचा, मॅक्सीनचा, ॲरिझोनातून फोन आला. तिनं टूसॉनला बेकरी काढलीय. "लेनी, तुझे पाय माझ्याइतके कुणाला माहीत? ये, भागीदारी कर," म्हणाली. पाय म्हणजे आमच्याकडे खातात ते, आत फळांचं गोड सारण आणि वरून पापुद्रा. मी जागच्या जागी उडी मारली. चौपन्नाव्या वर्षी!

बाबांना सांगितलं. त्यांनी नाश्ता संपवला, कप विसळला आणि म्हणाले, "जा की. पण तुझी रायफल राहिलीय. ती घेऊन जा. मी ते मनात ठेवून मरणार नाही."

झालं! बारा वर्षांची मुलगी माझ्या आत कुठं दबा धरून बसली होती कोण जाणे, ती ताडकन उठली. "चालेल," म्हणाले मी. "रायफल झाली की निघते." हा फास मी माझ्या हातानं गळ्यात घालून घेतला, दुसऱ्या कुणाला कशाला बोल लावू!

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही निघतो. कधी गहाणाची दुकानं, कधी घर मोडून निघालेल्यांचे लिलाव, कधी अग्निशमनवाल्यांच्या हॉलमधला बंदुकांचा बाजार. बाबा टेबलाशी वाकतात, खिशातली छोटी बॅटरी काढतात, बघतात आणि मान हलवतात. सुरुवातीला कारणं पटायची. एकीचा बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता. एकीच्या लोखंडात कुणीतरी वाकडं भोक पाडलं होतं. मग कारणं बारीक होत गेली. एकदा म्हणे विकणारा माणूस बरा वाटला नाही.

"अहो बाबा, लग्न लावायचंय का माझं त्याच्याशी?" मी म्हणाले.

"तुझ्या पहिल्या नवऱ्यापेक्षा बरा होता," बाबा म्हणाले, आणि हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

ऑगस्टमध्ये त्यांनी मागच्या अंगणातला काळा अक्रोड पाडला. आईनं लावलेलं झाड. तिच्या कपड्यांची दोरी त्यालाच बांधलेली होती. मी घरी आले तर बुंधा तेवढा उरलेला! "वादळात छपरावर आलं असतं," म्हणाले. ओंडके लाकूडगिरणीवाला घेऊन गेला. मला वाटलं, विकले. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

ऑक्टोबर उजाडला. मॅक्सीन म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत सांग. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल, राग मानू नकोस." राग कसला मानायचा! तिचं बरोबरच होतं.

काल शनिवार. हॉलमध्ये व्हर्नचं टेबल होतं. व्हर्न बाबांचा जुना दोस्त, दुकानदारीत मुरलेला. त्याच्याकडे एक माउझर, जुनी लष्करी रायफल, पडली होती. लाकूड अर्धवट कापून त्याला हिरवा रंग फासलेला, तोही ब्रशचे केस चिकटलेला. इतकी कुरूप रायफल मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. अशीच तर हवी होती! मी बोल्ट ओढला. लोण्यासारखा आला. बोल्टवरचे आणि लोखंडावरचे अंक जुळत होते, भोक कुठं नाही, गंज कुठं नाही.

बाबांनी बॅटरी काढली. नळीत डोकावले. बराच वेळ डोकावले.

"नळी खराब आहे. आतून गंजलीय," म्हणाले, आणि रायफल खाली ठेवून सूप घ्यायला निघाले.

मी तिथंच उभी राहिले. नळी खराब! नळी तर ते काढूनच टाकणार होते. प्रत्येक वेळी काढून टाकतात. अंगणात बसून त्यांची हत्यारं पुसत मी लहानाची मोठी झाले, मला हे कळत नाही?

"गेल्या महिन्यातही ते हीच बघून गेले," व्हर्न हळूच म्हणाला. "तू कॉफी आणायला गेली होतीस. मला म्हणाले, लेनीला दाखवू नकोस."

मी रायफल विकत घेतली. फॉर्म भरला, व्हर्ननं सरकारी चौकशीचा फोन लावला, पलीकडून होकार आला. गाडीत बसले आणि ते हिरवं ध्यान बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या. नळी फेकून द्या."

बाबांनी तिच्यावरून हात फिरवला. घर येईपर्यंत मी मनात टूसॉनच्या वाटेला लागले होते. हिवाळाभरात होईल, फार तर वसंतात, आणि मॅक्सीनला आज रात्रीच हो म्हणून टाकू. मला बाबांचा राग आला होता आणि दयाही येत होती. पण मी सुटले होते.

गाडीतून उतरल्यावर बाबा म्हणाले, "मागे ये."

शेडमध्ये फळ्या रचून ठेवल्या होत्या. जाड, ओल्या, मधे वारा खेळायला बारक्या पट्ट्या घातलेल्या. तो वास मी डोळे मिटून ओळखला असता. आमचा अक्रोड.

"परवा चिरून आणल्या. तू बस घेऊन गेली होतीस. तुझ्या रायफलीला तुझ्या आईचंच लाकूड हवं."

मी फळीवर बोटं टेकली. गार, दमट. जाडी अडीच इंच. लाकडाला सावलीत वाळायला इंचाला एक वर्ष लागतं. हे मला ड्वाइटच्या आधीपासून पाठ आहे.

"बाबा! अडीच वर्षं?"

"ओलं कोरलं तर वाकतं. तुला ठाऊक आहे."

"दुकानात वाळलेलं मिळतं!"

"मिळतं की. मग ती रायफल कुणाचीही झाली." त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. "मी काही तुला धरून ठेवलंय का? जा तू. झाली की पाठवीन. तोवर मी असलो तर."

मी ओरडले. काय काय ओरडले ते आता आठवत नाही. स्वार्थी म्हणाले, लबाड म्हणाले, आईचं झाड तोडलंत म्हणाले. त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली.

"टोकांना मेण लावायचं राहिलंय," शेवटी म्हणाले. "माझा हात थरथरतो. आज नाही लावलं तर तडे जातील." आणि ते घरात गेले.

मेणाचा डबा आणि ब्रश फळीवरच ठेवला होता. मी बघत राहिले. लावायचंच नाही. बस. आठवड्यात तडे जातील, लाकूड चुलीत जाईल, मग दुकानातलं आणायला लागेल. माझं मला जाता येईल. कुणी मला दोष देणार नाही, बाबासुद्धा देणार नाहीत, ते नुसते मान हलवतील.

टोकाशी एक केसासारखी रेघ दिसली. अगदी बारीक. तडा सुरू होत होता.

मी डबा उघडला.

"जाड लाव!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाबा ओरडले.

"मला शिकवू नका!" मी ओरडले.

खिशात फोन वाजायला लागला. मॅक्सीनच असणार, शनिवारी याच वेळी तिची बेकरी बंद होते. फोन वाजायचा थांबला, तेव्हा माझे दोन्ही हात मेणानं माखले होते.