उजव्या कमानीचा बोल्ट

मी एक बोल्ट आहे. फियाट गाडीच्या मागच्या उजव्या कमानीचा बोल्ट. लांबीला बोटभर, जाडीला अंगठ्याएवढा. गाडीला नाव असतं, नंबर असतो, दसऱ्याला हार असतो. बोल्टाला यातलं काही नसतं. पण माझ्यापाशी सांगण्यासारखी एक हकिकत आहे आणि ती माझ्याखेरीज दुसरं कोणी सांगणार नाही.

लालबागच्या एका गाळ्यात, लेथवर माझा जन्म झाला. एकाच सळईचे दोन तुकडे कापले. एक मी आणि दुसरा माझा भाऊ. आमच्या अंगावर आटे पाडले, तेलात बुचकळून आम्हाला कागदात गुंडाळलं आणि परळच्या शामराव मिस्त्रीकडे धाडलं. गिरगावातले एक दातांचे डॉक्टर आपल्या फियाटीच्या मागच्या कमानींसाठी नवे बोल्ट बसवून घेत होते. कमानी म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. गाडीचं मागचं सगळं वजन त्यांच्यावर, आणि त्यांना गाडीशी धरून ठेवणारे आम्ही.

शामराव तेव्हा ऐन तिशीत होता. त्याने आमची जागा तारेच्या ब्रशने लख्ख घासली, अंगाला ग्रीस चोपडलं, वॉशर घातला. पहिले आटे त्याने बोटांनीच फिरवले. पान्याने सुरुवात केली की बोल्ट तिरका जातो, असं तो म्हणे. पुरता आवळायलाही त्याने घाई केली नाही. गाडी जॅकवरून उतरवली, चाकं जमिनीला टेकली, वजन कमानींवर आलं, मग खाली सरपटत जाऊन त्याने शेवटचा आवळ दिला. मला ते फार आवडलं. ओझं अंगावर घेऊन मग घट्ट व्हायचं, ही आमची रीतच आहे.

डॉक्टरांकडे आम्ही सुखात होतो. पावसाळ्यात ते गाडी बाहेरच काढत नसत. पुढे त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा गाडी वरळी कोळीवाड्यातल्या महादेवाने घेतली.

महादेवाची घरची होडी होती आणि बायको काशीबाई दादरच्या बाजारात मासळी विकायची. तिथली बसायची जागा तिच्या सासूची, सासूकडून तिच्याकडे आलेली. धक्क्यावर माल घ्यायचा आणि ओल्या टोपल्या घेऊन बाजार गाठायचा, यात तिचा जीव मेटाकुटीला यायचा. बसवाला चढू देत नसे, टेंपोवाला थांबत नसे. महादेवाने गाडी घेतली ती तिच्यासाठी. कोळीवाड्यात लोक हसले, मासळी आता मोटारीतून फिरणार म्हणाले.

डिकीत टोपल्या, टोपल्यांत सुरमई, बोंबील आणि बर्फ. बर्फाचं खारं पाणी डिकीच्या तळाला असलेल्या दोन भोकांतून रस्त्यावर गळून जायचं. घरी आलं की काशीबाई डिकीत बादलीभर गोडं पाणी ओतायची, तेही त्याच वाटेने निघून जायचं. सगळं ठीक चाललं होतं.

मग नारळी पौर्णिमा जवळ आली. होड्या पाण्यात लोटण्याआधी त्यांच्या तळाची डागडुजी करायचे ते दिवस. महादेवाने आपली होडी उरकली आणि उरलेलं सामान घेऊन तो गाडीखाली शिरला. त्याला ती दोन भोकं दिसली.

त्याचा सख्खा काका तळाच्या एका फटीपायी बुडाला होता. तळाला भोक दिसलं आणि ते तसंच सोडलं, असा कोळी सापडायचा नाही. महादेवाने लाकडाच्या खुंट्या तासल्या, त्यांना तेलात भिजवलेला कापूस आणि राळ लावली आणि दोन्ही भोकं ठोकून बंद केली. वरून साऱ्या तळाला डांबर फासलं, आमच्या डोक्यांसकट. काम झाल्यावर त्याने तळावर हात फिरवला. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता, हे मी खरं सांगतो.

पण होडीला समुद्र बाहेरून लागतो. या गाडीत समुद्र आतून येत होता.

डिकीतलं खारं पाणी आता थांबू लागलं. सांध्यांतून झिरपत ते आम्ही बसलेल्या पत्र्याच्या पोकळीत उतरलं आणि डांबरामुळे तिथेच कोंडलं. दरवर्षी पौर्णिमेला महादेव नव्याने डांबर लावी आणि दरवर्षी पाण्याची बाहेर पडायची वाट आणखी पक्की बंद होई. इंजिन अजूनही शामरावच बघायचा. तळ मात्र महादेव कुणाच्या हाती देत नसे. एकदा शामरावाने खाली नजर टाकली आणि तोही फसला. तळ कसा कुळकुळीत ठेवलाय, म्हणून त्याने महादेवाची पाठ थोपटली. बाहेरून आम्ही काळेभोर, आतून आमचा भुगा होत होता.

काशीबाईच्या ते लक्षात आलं होतं. डिकीत पाणी राहतंय, कुबट वास येतोय, असं ती सांगायची. महादेव हसून म्हणायचा, मासळीच्या वासाला आपण कधीपासून नाकं मुरडायला लागलो? काही वर्षांनी गाडीच्या मागच्या बाजूने कुरकुर ऐकू येऊ लागली. ती आमचीच होती, तेवढंच आम्हाला बोलता येतं. काशीबाईने तेही सांगितलं. म्हातारी झाली की कुरकुरायचीच, असं म्हणून त्याने तेही हसण्यावारी नेलं.

गाडी खरंच म्हातारी झाली होती आणि आता तिचं कौतुकही होऊ लागलं होतं. सिग्नलला तरुण पोरं तिचे फोटो काढत. अशी फियाट आता बघायला मिळत नाही, असं म्हणत. महादेवाची मान ताठ व्हायची.

एके सकाळी परळच्या पुलावरून उतरताना माझा भाऊ तुटला.

आवाज फार मोठा झाला नाही. डावी कमान निसटली, गाडी एका बाजूला बसली आणि फरफटत दुभाजकाला जाऊन धडकली. होतं नव्हतं ते सारं वजन माझ्यावर आलं. मी धरून राहिलो. त्यात माझी मर्दुमकी नव्हती. माझ्यात चिमूटभर लोखंड जास्त उरलं होतं, एवढंच. महादेवाला खरचटलंही नाही. मागे बसलेल्या काशीबाईचा उजवा हात मात्र शेजारी सीटवर ठेवलेल्या टोपलीखाली सापडला आणि मनगटात दोन ठिकाणी मोडला. भावाचा अर्धा तुकडा पुलाच्या उतारावरच राहिला. त्याच्यासाठी थांबणार कोण? मला अजून त्याची आठवण येते.

काशीबाईचा हात प्लास्टरमध्ये गेला. जागा राखायला सून कीर्ती बाजारात बसू लागली. हात जुळेल, पण सुरमई कापण्याचं बळ पूर्वीसारखं येणार नाही, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. काशीबाई रडली नाही. त्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही, एवढंच म्हणाली. मुलगा दिनेश म्हणाला, भंगारात काढू या. महादेवाने मात्र गाडी ओढून शामरावाकडे नेली.

गाडी तिथे कित्येक दिवस उभी होती. दिवस कोरडे, ऊन कडक. शामरावाने डांबर खरवडलं, माझा नट तापवला आणि हातोडीचे घाव घालत मला बाहेर काढलं. माझ्यामागोमाग पाणी आलं, काळपट, ओंजळभर. शामराव चक्रावला. पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही, मग हे पाणी कुठलं?

महादेवाने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. ती चव त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होती. त्याने मान वर केली. खरवडलेल्या डांबरातून त्याच्याच हातच्या दोन खुंट्या दिसत होत्या.

दिनेशला कळलं तेव्हा तो बापाला म्हणाला, "आईला बोल्ट जुना झाला होता एवढंच सांगा ना, बाबा. खोटंही नाही ते. उगाच कशाला?"

शामरावानेही मान डोलावली. खोटं नव्हतंच ते. आणि खरं सांगितलं तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पुढे काय उरेल, याची भीती महादेवाच्या तोंडावर मला दिसत होती. त्याने मला खिशात घातलं आणि तो घरी गेला.

काशीबाई ओट्यावर बसली होती. त्याने मला तिच्यासमोर ठेवलं. डोकं धड, मधलं अंग उंदराने कुरतडल्यासारखं.

"भोकं मीच बुजवली, काशी," तो म्हणाला. "पाणी आतच कुजलं नि हे असं झालं. तुला जपायला गेलो नि तुझाच हात मोडला."

काशीबाईने मला डाव्या हातात घेतलं. तिने मला उलटसुलट करून बघितलं.

"हात मोडला, तो मोडला," ती म्हणाली. "पन मी सांगत होते ना, पानी थांबतंय म्हनून? तुमी हसलात. त्याचं लागलं मला."

महादेवाने काही सबब सांगितली नाही, एवढं मात्र मी त्याच्या बाजूने सांगेन. बरेच दिवस त्या घरात जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं. प्लास्टर निघाल्यावर एके दुपारी काशीबाई आपणहून म्हणाली, "गॅरेजात चला. खुंट्या माझ्यासमोर काढा."

ती स्टुलावर बसली. महादेव गाडीखाली गेला. जन्मभर ज्या हातांनी भोकं बुजवली, ते आता तळाला भोक पाडायला तयार होईनात. पक्कड दोनदा निसटली. मग खुंटी निघाली आणि साचलेलं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. तो तसाच पडून राहिला आणि त्याने दुसरीही काढली.

शामरावाने पोकळी गोड्या पाण्याने धुतली, वाळवली, गंज खरवडला, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. नवे बोल्ट आले. पुन्हा ग्रीस, पुन्हा वॉशर, पहिले आटे बोटांनी. वरून डांबर नाही, मेणाचा पातळ हात. दरवर्षी पुसायचा, आतलं बघायचं, पुन्हा लावायचा. गाडी चाकांवर उभी राहिली तेव्हा शेवटचा आवळ महादेवाने दिला.

मी आता कामाचा नाही. काशीबाईने मला भंगारात जाऊ दिलं नाही; गाडीतच समोरच्या काचेपाशी ठेवलंय. हार घालू नका, टिळाही नको. मागणं एकच: ज्याला जपायचं आहे त्याचं आधी ऐका. नुसती माया पुरत नाही.

रोज सकाळी कोळीवाड्याच्या तोंडाशी डिकीत बर्फाच्या टोपल्या चढतात. काशीबाई गाडीच्या दाराला हात लावून उभी राहते, दार उघडत नाही. महादेव गुडघ्यावर हात टेकून खाली बसतो. त्याचे गुडघे आता दुखतात. काचेतून मला तो दिसेनासा होतो. तळाखालून त्याचा आवाज येतो, "पाणी गळतंय गो."

मग ती आत बसते.