तारीख शिल्लक नाही

शिरूरला स्नेहल घरबसल्या लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायची. त्या दिवशी संकष्टी होती, सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मंगल कार्यालयाचे मालक बापूसाहेब समोर येऊन बसले.

"पोरी, बुकिंगचं पान झ्याक झालंय. एक बारीक बदल कर. विवाह पद्धतीच्या यादीत कुणी 'बौद्ध' निवडलं, की खालची तारखांची यादी बंद पडाय पायजे. तारीख शिल्लक न्हाई म्हणायचं."

"असं का, बापूसाहेब?"

"माझं काय न्हाई गं, पाव्हणं कुरकुरत्यात. आपण तोंडानं न्हाई म्हणलं की केस होती. संगणकानं म्हणलं, तर कोण भांडतंय?"

स्नेहलचा हात क्षणभर थांबला. मग तिने पानाच्या कोडमध्ये दोन ओळींची अट घातली. चंद्र दिसल्यावर नैवेद्य दाखवून उपास सोडला. उपास अगदी कडक झाला होता!

पंधरा दिवसांनी निमोण्याहून अंजनाबाई आल्या. स्नेहलच्या चौथीच्या बाई.

"स्नेहू, आमच्या सुरेखाचं जमलं! मुलगा दौंडचा, रेल्वेत आहे. त्याला दहा मेच्या पुढंमागंच रजा मिळते. बापूसाहेबांचं कार्यालय धरून दे. नाहीतर थांब, मीच करते. तुला माउस धरायला मीच शिकवलंय की!"

हसत त्यांनी बुकिंगचं पान उघडून 'बौद्ध' निवडलं. खालची यादी करडी पडली. तारीख शिल्लक नाही.

"अख्ख्या वर्षात?" त्यांनी 'वैदिक' निवडून पाहिलं. यादी उघडली. त्यात दहा मे होती.

अंजनाबाई स्नेहलकडे वळल्या.

"हे पान कुणी बनवलं?"

"मी, बाई."

"शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा मी हजेरीच्या क्रमानं बसवलं तुम्हाला. आमच्या वस्तीतला म्हाळू उठला, की त्याच खुर्चीवर तू बसायचीस. यंत्राला जात ठाऊक नसते, असं सांगायचे मी. आज त्याला ती शिकवली कुणी?"

"मालकांनी सांगितलं म्हणून... बाई, दहा तारीख मी आत्ता तुमच्या नावावर करते."

"मागच्या दारानं लेकीचं लग्न लावायचं नाही मला. मालकाच्या मनातलं मनातच राहिलं असतं गं. त्याचं कुलूप करून दिलंस तू!"

चहा न घेताच त्या उठल्या.

स्नेहलने रडत रडत अट पुसली. दुसऱ्या दिवशी निमोण्याला बाईंकडे जाऊन आली. मग बापूसाहेबांना फोन करून अट काढल्याचं सांगितलं.

"मग मी दुसरा माणूस बघतो," ते म्हणाले.

"बघा, बापूसाहेब. पण तुम्ही काय सांगितलं आन् मी काय केलं, ते सगळं लिहून बाईंच्या हाती दिलंय."

"म्हंजी धमकी का?"

"न्हाई. कबुली."

लग्न दौंडला, शाळेच्या पटांगणात, पत्र्याच्या मांडवात झालं. स्नेहल गेली. अंजनाबाईंनी स्वतः तिच्या हातात ताट दिलं.

"या मॅडम, जेवून जा."

'स्नेहू' म्हणाल्या नाहीत.

वाचकहो, उपास नुसता पोटाला घडून भागत नाही, तो हातालाही घडावा लागतो. सांगितलं तेवढंच केलं, असं म्हणून सुटका होत नाही. अन्याय कुणाच्याही मनातला असो, तो ज्या बोटांनी लिहिला, त्या बोटांनाही पाप लागतं!