पहिला नंबर

फोन वाजले ते सगळ्यांचे एकदमच, आणि आपापल्या फोनकडे बघायचं सोडून सगळ्यांनी भैरूआबांकडे पाहिलं.

आबा पहिल्या नंबरला होते. पौडच्या एस.टी. स्टँडच्या फाटकाशी रिक्षा लावून, पाय बाहेर सोडून, ते रत्नाबाईच्या चहात खारी बुडवत बसले होते. त्यांच्या खिशातला बटणांचा फोन मात्र गप्प होता. त्याला वाजायचं काही कारणच नव्हतं.

"आबा, कासार आंबोलीचं भाडं हाय," मागच्या रिक्षातून किशोर म्हणाला.

"मग जा की."

"नंबर तुमचा हाय."

"आरं, पर माझा फोन कुटं वाजलाय?"

फोन वाजून वाजून थांबले, जरा वेळाने पुन्हा वाजले. चौथ्या नंबरच्या इंद्रजितचा अंगठा एकदा काचेपर्यंत गेला, पण त्याने तो मागे घेतला आणि हात सरळ खिशात घातला. हात बाहेर राहिला असता तर त्याचा भरवसा नव्हता.

पौडच्या स्टँडवर नंबर म्हणजे नंबर. सकाळी जो आधी येईल तो पुढे, आणि पुढच्याने येईल ते भाडं घ्यायचं. मग ते बंगल्यातल्या पाहुण्यांचं असो, नाहीतर खड्ड्यातून कंबर मोडत जायचं वाडीवरचं असो. निवड करायची नाही, आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक तर नजरेनेसुद्धा ओढायचं नाही. हा नियम कधी कुणी लिहिला नाही, आणि म्हणूनच तो कुणाला मोडता आला नाही. आता नवीन कंपनीचं ॲप कालपासून पंधरा दिवस फुकट वापरायला मिळालं होतं. आबा सोडून सगळ्यांनी ते हौसेने घेतलंही होतं. पण ॲप एकाच वेळी सगळ्यांना हाक मारतं, आणि हाक आली की आधी नंबर कुणाचा ते बघायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ते काय एका दिवसात निघतं?

थोड्या वेळाने दुधाचा एक टेम्पो फाटकाशी थांबला. कॅनांना पाठ लावून मागे बसलेली एक तरुण बाई खाली उतरली. कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं लहान पोर होतं. अंगात ताप असलेलं पोर लगेच ओळखू येतं, ते आजूबाजूला बघत नाही.

"तुम्ही सगळे इथेच आहात?" तिने रांगेवरून नजर फिरवली. "मला मॅपवर सहा रिक्षा दिसत होत्या. सहा! आणि एकालाही यावंसं वाटलं नाही? माझे मिस्टर बंगलोरला आहेत, मी एकटी आहे घरी. कुणी निदान नाही तरी म्हणायचं ना!"

सांगणार तरी काय? आबांनी अर्धी खारी तशीच बशीत ठेवली, तिला रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोराला औषध दिलं, घाबरायचं काही नाही म्हणाले. बाईचं नाव ऋतिका. परत जाताना ती जरा निवळली होती. पोर मांडीवर झोपलं होतं आणि आबा खड्डा आला की बैलगाडीसारखी रिक्षा हळू करत होते. घरी पोचल्यावर ती पैसे देऊ लागली.

"ऱ्हाऊ द्या, ताई."

"का पण?"

"आमच्याकनं चूक झाली." चूक कुणाची, हे मात्र आबांच्या तोंडून निघालं नाही.

ते परत आले तेव्हा कंपनीचा स्वानंद स्टँडवर आला होता. परभणीकडचा मुलगा, हिंजवडीतली बरी नोकरी सोडून चार मित्रांबरोबर हा उद्योग करत होता. हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले.

"काका, कालपासून अधूनमधून हेच चाललंय. सहा जण ऑनलाइन आणि एकही ॲक्सेप्ट नाही! आम्हाला वाटलं सर्व्हर पडला. आमची अख्खी टीम सकाळपासून बग शोधतीय."

'बग' म्हणजे ॲपमधली खोट, असं रत्नाबाईला कुणीतरी सांगितलं. ती आबांच्या बशीतल्या अर्ध्या खारीकडे बघून पदर तोंडाला लावून हसली.

स्वानंदने परत पहिल्यापासून समजावलं. दुसऱ्या कंपन्या प्रत्येक भाड्यातून वाटा कापतात, आमचं तसं नाही. रोजची ठरलेली रक्कम भरायची, नाही धंदा करायचा त्या दिवशी भरायची नाही, आणि भाडं सगळं तुमचं.

"म्हंजी बैल आमचा, शेत आमचं," किशोर म्हणाला, "आन तुमी फकस्त हाळी द्यायचं पैसं घेनार."

"हां, तसंच! पण हाळी लांबून ऐकू येते ना काका. आंबोलीपर्यंत जाते."

"मग हाळी नंबराला द्या की. ज्याचा नंबर, त्याचाच फोन वाजंल."

स्वानंदने हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं. मुलगा खोटं बोलणारा नव्हता. "नाही होत हो. तिकडे माणूस रस्त्यात थांबलेलं असतं. ज्याचा नंबर तो चहा पीत असला तर? तेवढ्यात ते दुसरी गाडी बोलावतं. म्हणून जो आधी घेईल त्याला."

"आधी घील त्याला," आबांनी ते शब्द तोंडात घोळवून बघितले. त्यांना ते रुचले नाहीत.

तेव्हा इंद्रजित बोलला. एरवी तो आबांसमोर फारसा तोंड उघडत नसे.

"आबा, माझ्या बापानं जमीन इकली. तितं बंगलं झालं. त्या बंगल्यातली मान्सं रोज गाड्या मागवत्यात, आन त्या गाड्या येत्यात पुन्याच्या. माझ्याच बांधावरनं जात्यात. मी हितं चौथ्या नंबरला बसून बघतोय. रिक्षाचा हप्ता हाय, घरात लेकरू व्हनार हाय. मला हे पायजेल, आबा." त्याचा आवाज चढला होता, तो त्याने स्वतःच खाली आणला. "पर तुमी न्हाई म्हनला तर न्हाई. आपल्या स्टँडची रीत हाय ती."

रीत होती खरी. पौडच्या स्टँडवर हात वर करून मोजणी होत नसे. एकाने जरी नाही म्हटलं तरी नाही. ॲपला बाकी सगळ्यांचा होकार झाला होता, राहिले होते आबा एकटे. आणि गंमत अशी की कुणी त्यांना आग्रह करत नव्हतं. आग्रह केला असता तर आबा हट्टाला पेटले असते, त्यांना ते सोपं गेलं असतं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

घरी आले तेव्हा धोंडाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आबांचं घर तसं सुखी. मुलगा जनार्दन याने वर खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या, घरात कशाला कमी नव्हतं. आबांनी रिक्षा सोडली असती तरी चूल अडली नसती. पण घरी बसून काय करायचं, धोंडाबाईंचं डोकं खायचं? असं ते स्वतःच म्हणत, आणि धोंडाबाई लगेच रिक्षाची चावी त्यांच्या हातात देत.

सून वैष्णवीने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या फोनवर ते ॲप उतरवलं. शिकायच्या लोकांसाठी त्यात खोटी हाक वाजवायची सोय होती.

"हे बघा आबा. वाजलं की बोट असं वर सरकवायचं. झालं, भाडं तुमचं."

पहिल्यांदा आबांनी फोन इतका जोरात दाबला की तो बंदच झाला. दुसऱ्यांदा बोट तिरकं गेलं. मग मात्र जमलं. पुढे पुढे तर वैष्णवीचा हात मागे जायच्या आतच ते बोट सरकवू लागले. नातवंडासारखे हसले सुद्धा.

"जमतंय की तुमाला!" धोंडाबाई म्हणाल्या.

"जमतंय गं." आबांनी फोन ओट्यावर ठेवला. हसू गेलं होतं. "त्योच तर घोर हाय."

"आता जमतंय त्येचा कसला घोर?"

"पटदिशी दाबायचं म्हंजी इंद्रजितच्या आधी दाबायचं. किशोरच्या आधी दाबायचं. मी जलमात कुनाचा पाशिंजर वढला न्हाई. आता ह्या वयात त्या पोरासंगं अंगठ्याची कुस्ती खेळू?"

"मग नका खेळू."

"तेच म्हनतोय मी. न्हाई म्हनून सांगतो उद्या."

धोंडाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या कधी आवाज चढवत नसत, पण सूप खाली ठेवलं की आबा सावध होत.

"तुमी दाबनार न्हाई, ही तुमची मर्जी. पर तुमी दाबत न्हाई म्हनून त्यानं बी दाबायचं न्हाई, ह्यो कुटला न्याय? आज त्या बाईचं लेकरू दुधाच्या टेम्पोतनं आलं. का, तर तुमी फुडं बसला हुता म्हनून. तुमचा नंबर मोठा का ते लेकरू?"

आबांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बायकोने टोचलं म्हणून नव्हे, तिचं बरोबर होतं म्हणून. ते उठून रिक्षापाशी गेले आणि उगाचच काच पुसत बसले.

तसं बघितलं तर आबा आयुष्यात कुठेच पहिले नव्हते. भावांत शेंडेफळ, शाळेत शेवटच्या बाकावर, गावच्या बैठकीत दाराशी बसणारे. पुढे ये असं त्यांना कुणी म्हणालं नाही आणि आपण होऊन ते कधी गेले नाहीत. एक तेवढी स्टँडवरची फाटकाजवळची जागा त्यांनी मिळवली होती. अंधार असताना उठून, थंडीत कानाला मफलर गुंडाळून, पावसात गुडघाभर पाण्यातून येऊन मिळवली होती. एस.टी.तून उतरणारा माणूस पहिल्यांदा त्यांना बघे. कुठल्या गावच्या लेकी माहेरी आल्या, कुणाचा मुलगा नापास होऊन परत आला, सगळं आधी त्यांना कळे. त्या जागेवर बसलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटे. एवढंच होतं ते. पण तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आले. फाटकासमोर रिक्षा क्षणभर उभी केली, हँडलला हात लावून कपाळाला नेला, आणि रिक्षा वळवून पलीकडे रत्नाबाईच्या टपरीशेजारी लावली.

"हितं कुटं?" रत्नाबाईने स्टोव्हला पंप मारता मारता विचारलं.

"हितं चहा जवळ हाय."

एकेक जण येऊ लागला. किशोर आला. पहिली जागा रिकामी बघून त्याला वाटलं, आबा पेट्रोल भरायला गेले असतील, येतील एवढ्यात. त्याने आपली रिक्षा दुसऱ्या नंबरला लावली. त्याच्यामागे इंद्रजित, मग बाकीचे. फाटकासमोर एका रिक्षाची जागा मोकळी, आणि तिच्यामागे सगळी रांग. मग किशोरला टपरीशेजारचे आबा दिसले. तो काही बोलणार तोच सगळे फोन वाजले.

सवयच ती. सगळ्यांनी रस्त्यापलीकडे आबांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" आबा ओरडले. "माझा व्हय हाय! घ्या की रं! कुनीतरी ताटकळत असंल!"

मग इंद्रजितने अंगठा सरकवला. बाकीचे फोन गप्प झाले. त्याने रिक्षा रांगेतून बाहेर काढली, आबांसमोर आणून हळू केली.

"आबा, तुमी?"

"ज्येच्याकडं फोन न्हाई त्येला कुनी न्यायचं? म्हाताऱ्याकोताऱ्या हायेत, बाजारच्या पाट्या हायेत. ती माझी. जा तू, गिऱ्हाईक वाटंत नगं ठिवू."

इंद्रजित गेला. त्याच्या रिक्षाचा आवाज पौड रस्त्याला लागेपर्यंत आबा कान देऊन ऐकत होते. पोरगं गिअर जरा जोरातच टाकत होतं. खुशीत होतं. आबांनाही बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात पहिली एस.टी. आत शिरली. माणसं उतरू लागली, पिशव्या सांभाळत फाटकातून बाहेर आली आणि समोर कुणी नाही हे बघून घोटाळली. फाटकासमोरची जागा अजून तशीच मोकळी होती.

"किशोर, फुडं ये की," आबांनी हाक दिली.

"ऱ्हाऊ द्या, आबा," किशोर म्हणाला. मान त्याने दुसरीकडेच वळवली होती. मागचेही कुणी हलले नाहीत.

आबांनी चहाचा कप रत्नाबाईच्या हातात दिला. रस्ता ओलांडून ते किशोरच्या रिक्षापाशी गेले, आत हात घालून त्यांनी ब्रेक सोडवला, मागे येऊन दोन्ही हात टपाच्या दांडीला लावले आणि जोर केला. किशोर आतून "आबा, आबा" करत होता. रिक्षा जरा कुरकुरली आणि सरकली. पुढचं चाक फाटकाच्या खांबाशी नीट टेकेपर्यंत आबांनी ती ढकलत नेली.

मग हात झटकत ते सरळ झाले. दम लागला होता. एका प्रवाशाची पिशवी उचलून त्यांनी किशोरच्या रिक्षात ठेवली आणि मागच्या रांगेला हात केला.

"या, या. फुडं या सगळी."